घंटेतली लोकर

"मला काही आठवत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं आजही सणकतं. नातवंडं शाळेतल्या मारामारीबद्दल म्हणतात, कामवाली फुटलेल्या बशीबद्दल म्हणते, आणि मी लगेच अंगावर जाते. घरचे म्हणतात, म्हातारी फार तापट. असेन. पण एवढ्याशा वाक्यावर माझ्या भावाच्या खुनातून एक माणूस सुटलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो माणूस कुणी परका नव्हता. माझा सख्खा चुलतभाऊ होता तो.

आमचं गाव धावड्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. निजामाचं राज्य होतं. आमचे पूर्वज मेंढरं घेऊन हिंडणारे. आजोबांनी थोडी जमीन केली आणि आम्ही अर्धे शेतकरी झालो, पण कळप काही सुटला नाही. दरवर्षी दिवाळी झाली की माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचे, आणि चुलतभाऊ असे दोघं कळप घेऊन खाली परतूरकडे उतरायचे. तिकडच्या काळ्या रानात शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेत. लेंड्यांचं खत वावराला मिळे आणि आमच्या माणसांना धान्य मिळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघं परत येत.

चुलतभाऊ आमच्याच घरात वाढलेला. त्याचे आईबाप साथीत गेले तेव्हा तो रांगत होता. माझ्या वडिलांनी त्याच्यात आणि दादात कधी फरक केला नाही. एका ताटात जेवले, एका घोंगडीत झोपले. कळपाचं सगळं वडिलांनी दोघांना बरोबरच शिकवलं. कोणत्या मेंढीचा पाय दुखतो हे तिच्या चालीवरून ओळखायचं, कुत्र्याला कुठली शीळ घालायची, आणि मालक गेल्यावर काय करायचं, तेही.

हे मालक गेल्याचं आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या कळपात एक म्होरक्या मेंढा असायचा. त्याच्या गळ्यात पितळेची घंटा. तिच्या आवाजामागे सगळा कळप चाले. कळपाचा मालक वारला की त्या घंटेत लोकर कोंबायची, म्हणजे ती वाजत नाही. दहावा होईपर्यंत कळप मुक्यानं चरायला जायचा. "मेंढरांलाबी सुतक असतंय," असं वडील म्हणायचे. ते स्वतः गेले तेव्हा मी दाराशीच होते. दादाला रडू आवरेना म्हणून चुलतभावानंच मेंढ्याच्या पाठीवरची लोकर उपटली आणि घंटेत बोटानं दाबून भरली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती, तिनंही ते पाहिलं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी दादानं जाहीर केलं की ही शेवटची खेप. आल्यावर कळपाची वाटणी करायची, आणि आपण आता नुसती शेती बघायची. त्याचं वय झालं होतं असं नाही, पण हिंडून कंटाळला होता. मूलबाळ नव्हतं, वहिनी घरात एकटी पडायची. चुलतभावानं लग्नानंतर जवळच वेगळी चूल मांडली होती, पण कळपाची वाटणी त्याला मुळीच पटली नाही. शेतीत त्याचा जीव रमत नसे, आणि दोघांचा कळप एकत्र होता म्हणूनच तो मोठा दिसत होता. दिवाळीभर दोघं भांडत होते, सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग नेहमीसारखे दोघं निघाले. खांद्यावर घोंगड्या आणि पाला तोडायच्या कुऱ्हाडी.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. ते दोघं जाऊन आठवडाही झाला नसेल. ऊन उतरलं होतं, वहिनी अंगणात बाजरी पाखडत होती आणि मी बाळाला घेऊन उंबऱ्यात बसले होते. कुत्री भुंकायला लागली. बघते तर विहिरीकडच्या उतारावर धूळ, आणि धुळीतून आमची मेंढरं. मला आनंदच झाला. म्हटलं, दादाचं मन बदललं दिसतं, आला माघारी.

वहिनीनं मात्र सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली. कळप चालत येत होता आणि घंटा वाजत नव्हती. नुसते खुरांचे आवाज. ती सरळ म्होरक्यापाशी गेली, घंटेत बोट घातलं आणि लोकरीचा बोळा बाहेर काढला. मग तिनं मागून येणाऱ्या चुलतभावाकडे बघितलं. तो एकटाच होता. कपाळावर कसलीशी चिंधी बांधलेली.

"वहिनी," तो म्हणाला, "मला काय बी ध्यानात न्हाई."

तोवर कुणी त्याला काही विचारलं नव्हतं! एक शब्दही नाही. हे मी पुढे शंभर जणांना सांगितलं आणि शंभर जणांनी मान हलवली, पण अदालतीत त्याचा उपयोग शून्य झाला. वहिनीनं मात्र तिथेच, धुळीत बसून, टाहो फोडला. गल्ली गोळा झाली. काय झालं, काय झालं म्हणून बाया विचारू लागल्या, आणि तिनं मुठीतली लोकर दाखवली. आमच्यातल्या बायांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

दादाची बातमी दुसऱ्या दिवशी आली. खालच्या अंगाला एका ओढ्याजवळ लाकूडतोड्यांना तो सापडला. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. ज्या जागी घाव बसला तिथे रक्त होतं, आणि तिथून पुढे उताराच्या बाजूला सरपटत गेल्याच्या खुणा होत्या. म्हणजे तो जागच्या जागी गेला नव्हता. काही वेळ जिवंत होता. आणणाऱ्यांनी हे वहिनीसमोर सांगायला नको होतं, पण सांगितलं.

पोलिसांचा अमीन आला, जवान आले, चुलतभावाला धरून नेलं. त्याचं एकच पालुपद. चालता चालता मी पडलो, डोक्याला लागलं, त्यानंतरचं काही ठाऊक नाही, कळप घेऊन घरी कसा पोचलो तेही ठाऊक नाही. कुऱ्हाड कुठे? आठवत नाही. भांडण झालं का? आठवत नाही. भाऊ कुठे राहिला हे वाटेत मनात आलं नाही का? आठवत नाही. त्याला कुणीतरी शहाण्यानं हे पढवलं असेल असं लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. अंगणात पाऊल ठेवताना ते वाक्य त्याच्या तोंडात तयारच होतं.

मुकदमा जालन्यात चालला. माझं सासर जुन्या जालन्यातलं, म्हणून वहिनी माझ्याकडेच राहायला आली. आमचे हे कापडाच्या पेढीवर मुनीम होते. उर्दू शिकलेले, त्यामुळे अदालतीत काय चाललंय हे आम्हाला तेच समजावून सांगत. माणूस चांगला, पण कायद्याचं नाव निघालं की त्यांच्या अंगात शहाणपण संचारायचं.

वहिनीला पिंजऱ्यात उभं केलं. चुलतभावाचा वकील उर्दूत विचारायचा, अदालतीतला पेशकार त्याचं मराठी करायचा. नवरा घरातून निघाला ती तारीख कोणती? वहिनी म्हणाली, दिवाळीनंतरची. दिवाळीनंतर तारखा पुष्कळ असतात, कोणती? तिला सांगता येईना. निघताना त्यानं कोणत्या रंगाचा पटका बांधला होता? ती विचारात पडली आणि खरं तेच बोलली. "ध्यानात न्हाई."

वकील न्याय करायला बसलेल्या मुन्सिफसाहेबांकडे वळून म्हणाला, बाईला नवऱ्याचा पटका आठवत नाही, घंटेतली लोकर मात्र बराबर आठवते! मग त्यानं आणखी विचारलं, की मेंढीच्या घंटेत लोकर नाही तर काय कापूस सापडणार होता? सगळे हसले. मुन्सिफही हसले. आणि शेवटी तो म्हणाला, नवरा मेल्याचं कुणी सांगायच्या आधीच या बाईनं रडायला सुरुवात केली. हिला आधीच कसं कळलं? यामागे काय आहे, याचा अदालतीनं विचार करावा.

मी मागे बाळाला घेऊन उभी होते. अरे, कसं कळलं हेच तर ती सांगत होती! तेच तुम्ही हसण्यावारी नेलंत आणि आता तेच तिच्या गळ्यात अडकवता? जिचा नवरा गेला तिला एक पटका आठवला नाही तर ती खोटी, आणि ज्याच्या खांद्याला कुऱ्हाड होती त्याला अख्खा दिवस आठवत नाही तर तो बिचारा. विसरण्याचे असे दोन भाव मी बाजारातसुद्धा पाहिले नव्हते.

रिवाज सांगायला भावकीतले एक थोरले चुलते बोलावले होते. त्यांनी घंटेतली लोकर आयुष्यात कितीदा पाहिली असेल. ते पिंजऱ्यात गेले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "आसंल साहेब. कुनी करत आसंल, कुनी न्हाई. माजं आता वय झालं, ध्यानात न्हाई राह्यत." याच म्हाताऱ्याला, कोणाच्या आजोबाच्या लग्नात कोणाला मानाची टोपी घातली नव्हती, हे तोंडपाठ होतं. त्यावरून तो अजून रुसून बसलेला असे. पण त्या दिवशी भावकीत विसरण्याची साथच आली होती. एक तर गेला, आता दुसरा कशाला फासावर चढवायचा, असं त्यांचं आपसात ठरलं होतं. वहिनीला कुणी विचारलं नव्हतं.

वकिलानं एक वैद्य आणला होता. डोक्याला मार बसल्यावर माणसाची स्मृती जाऊ शकते का? जाऊ शकते. संपलं. या माणसाची गेली आहे का, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो काय सांगणार होता?

त्या रात्रीच्या जेवणावर आमच्या ह्यांच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. हे म्हणाले, "अगं, दुसऱ्याच्या डोक्यात शिरून कसं बघणार? खरंच विसरला असला तर?"

"विसरलेलं माणूस मी बघितलंय," मी म्हणाले, "तुमच्याच घरात बघितलंय."

माझ्या सासूबाई एकदा जत्रेला जाताना बैलगाडीतून पडल्या होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा तो सगळा दिवस त्यांच्या डोक्यातून पुसून गेला होता. अगदी खरोखर. पण त्यानंतर त्यांनी आम्हाला किती भंडावून सोडलं! मी पडले कशी? मला उचललं कोणी? मी ओरडले का? लुगडं नीट होतं ना गं अंगावर? माझी दुसरी वहाण कुठे गेली? गाडीवान दारावरून गेला की त्याला हाक मारून बसवायच्या आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावायच्या. दात पडलेल्या जागी जीभ जाते तसं त्यांचं मन त्या दिवसाकडे जायचं. घाबरायच्या त्या. आपल्याच आयुष्यातला दिवस आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना भीती वाटायची.

"आणि हा?" मी ह्यांना विचारलं. "ज्याच्या ताटात जेवला तो भाऊ मेला, आणि ह्यानं कुणाला विचारलं का, की माझ्या दादाला मारलं कोणी? अमीनाला विचारलं? वहिनीला विचारलं? एकदा तरी?"

ह्यांनी ताटातली भाकरी मोडली. मग म्हणाले, "पण हा काही पुरावा होत नाही." खरं होतं ते. म्हणून तर मला जास्त राग आला.

निकालाच्या दिवशी मुन्सिफांनी उर्दूत बरंच काही वाचलं. ह्यांनी बाहेर झाडाखाली आम्हाला त्याचा अर्थ सांगितला. घाव घालताना कुणी पाहिलं नाही, बायकोच्या जबानीत मेळ नाही, रिवाजाला आधार नाही, मुलजिमच्या, म्हणजे त्याच्या, कपाळावर जखम आहे. पुढच्या मोठ्या अदालतीकडे पाठवण्याइतका पुरावा नाही, सबब सोडण्यात येत आहे. आणि एक शेरा. या माणसाला खोटं बोलायचं असतं तर त्यानं काहीतरी कहाणी रचली असती. त्यानं तसं केलं नाही, सरळ आठवत नाही म्हणाला, यावरून तो साधा दिसतो.

साधा! कहाणी रचणारा सापडतो, कारण कहाणीला दोन टोकं असतात, कुठेतरी ती जुळत नाहीत. ज्यानं काही सांगितलंच नाही त्याला पकडणार कुठून? वीस गोष्टी रचणाऱ्यापेक्षा हा हुशार होता आणि त्याच हुशारीला साधेपणाचा दाखला मिळाला. मी तिथेच मोठ्यानं काय काय बोलले. ह्यांनी मला दंडाला धरून गाडीत बसवलं.

वहिनी पदर पुढे ओढून गाडीच्या कोपऱ्यात बसली. मला वाटलं तिला सुटकेचा धक्का बसलाय. घरी आल्यावर म्हणाली, "वन्सं, त्याला फाशी द्या आसं मी कवा म्हनले? ते किती येळ जित्ते व्हते, काय बोलले, कुनाचं नाव घेतलं, येवढंच मला पाह्यजे व्हतं. ते त्या एकट्यालाच ठावं हाय. आन् तो म्हनतो न्हाई आठवत."

तेव्हा मला कळलं की तिचं खरं काय हिरावून घेतलं होतं. नवरा तर गेलाच होता. पण त्याचा शेवटचा वेळही त्या माणसानं आपल्याकडे दाबून ठेवला होता, आणि मागायला कुठे जायची सोय नव्हती.

तो गावात परत आला आणि आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पहिल्यासारखा नांदू लागला. आता गंमत बघा. अदालतीत ज्यांच्या काही ध्यानात नव्हतं, त्या भावकीला पंगतीच्या वेळी सगळं आठवायला लागलं. त्याच्या घरी कुणी जेवेना, त्याला कुणी जेवायला बोलावेना. जेलात पाठवायला नको, कारण घराण्याची इज्जत जाते. ताटाला ताट लावायलाही नको, कारण हाताला भावाचं रक्त आहे. ज्या घरचा माणूस गेला ते घर त्याच्याकडे जेवायला बसेल तेव्हाच आम्ही बसू, असं ठरवून भावकी मोकळी झाली. सगळं ओझं पुन्हा वहिनीच्या डोक्यावर.

अशी बरीच वर्षं गेली. त्याची मुलगी, जी तेव्हा अंगावर पीत होती, ती लग्नाची झाली. रझाकारांचे दिवस होते, गावोगाव घबराट, वयात आलेल्या मुलींची लग्नं लोक घाईनं उरकत होते. ह्या मुलीला स्थळ चालून आलं. धावड्याकडचं, चांगलं. पण मुलाकडच्यांनी अट घातली, की आधी तुमच्या वहिनीची हरकत नाही असं पंचांसमोर येऊ द्या. वहिनीनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं.

आमच्या खळ्यावर भेट ठरली. भर दुपार, ज्वारीची कणसं पडलेली. तो आला आणि जरा लांब बसला. केस पिकले होते. पोरीबद्दल काहीतरी बोलायला लागला तर वहिनीनं हातानं थांबवलं.

"भावजी, पोरीचं काय चुकलं? पंगतीला मी येते. पंचांला बी सांगते, माजं कायबी म्हननं न्हाई. पर आज हितं तिसरं कुनी न्हाई, ह्या वन्सं तेवढ्या हायेत. अदालत न्हाई, अमीन न्हाई. त्येंचं शेवटचं काय झालं ते मला सांगा. मारलं कुनी ते नका सांगू. ते मी इचारतच न्हाई."

तो खाली बघत बसला. कणसातले दाणे नखानं काढत होता. मला वाटलं आता तेच वाक्य येणार, आणि ते आलं तर मी काय करीन याचा माझा मला भरवसा नव्हता.

एक कणीस मोकळं झाल्यावर तो म्हणाला, "पानी मागितलं त्यानं."

म्हणजे होतं! इतकी वर्षं ते त्याच्या डोक्यात होतं, जागच्या जागी, धडधाकट. मुन्सिफांचा साधा माणूस! मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला.

"मंग?" तिनं विचारलं. "दिलं का?"

तो उठून उभा राहिला. धोतराला लागलेलं भूस झटकलं.

"ते काय आठवत न्हाई, वहिनी."

आणि गेला. वहिनीही उठली, पदर सावरला आणि घराकडे चालायला लागली. बोलल्याप्रमाणे पुढे ती लग्नाला गेली, पंगतीत बसली, दोन घास खाल्ले. पण त्या दुपारी वाटेनं माझा नुसता भडका उडाला होता. मागितलेलं आठवतं आणि दिलेलं आठवत नाही, असं कसं असेल, मी म्हणत होते. हा अजूनही खेळतोय आपल्याशी, तू जाऊ नकोस त्या लग्नाला, अर्धंच सांगून गेला तो, अर्धं अजून लपवलंय त्यानं.

वहिनी थांबली. माझ्याकडे बघितलं, जसं लहान मुलाकडे बघावं.

"आर्धं कुठं, वन्सं? सगळंच सांगितलं की त्यानं," ती म्हणाली. "दिलं असतं तर आठवलं असतं."